मागचं चाक रुंद करायचंय? आधी बोटभर जागा मोजा

गाडी मागून पाहिल्यावर टायर मडगार्डभर भरलेला दिसला पाहिजे, ही हौस अमेरिकेतून आली. १९६४ साली पाँटिअॅकची जीटीओ आली, त्याच वर्षी मस्टँग आली आणि दणकट इंजिनाच्या गाड्यांना मागे रुंद टायर घालायची चाल पडली. १९६७ मध्ये फायरस्टोनने ‘वाइड ओव्हल’ नावाचा बुटका, रुंद टायर बाजारात आणल्यावर ती चाल पक्की झाली. त्या गाड्यांना गरजही होती. इंजिनाची ताकद एवढी की अरुंद टायर जागच्या जागी फिरून धूर काढायचा.

आपल्याकडे त्या घराण्याची म्हणावी अशी एकच गाडी, हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा. ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा आराखडा घेऊन ती उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९८४ पासून तयार झाली. आधी तिच्यात अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आल्यावर ती खरी पळायला लागली. २००२ मध्ये उत्पादन थांबलं. लांब नाक, बसकी डिकी, ताकद मागच्या चाकांना आणि मागे सरळ एक्सल. साताऱ्या-सांगलीकडे साखर कारखान्याच्या आवारात, बागायतदारांच्या वाड्यापुढे ती दिसायची. आता पोरं ती शेडमधून बाहेर काढून रंगवून घेतात आणि रंग वाळायच्या आत पहिला प्रश्न येतो, मागे रुंद टायर बसवायला किती खर्च येईल?

टायरवाला टायरची किंमत सांगतो आणि तो आकडा डोक्यात बसतो. पण चाक रुंद करताना टायर ही सगळ्यात सोपी खरेदी असते. पैसे जातात ते टायर आणि पत्रा यांच्यामधल्या बोटभर जागेपायी. ती जागा आधी मोजली तर वीस हजारांत काम भागतं. न मोजता माल आणला तर लाखभर घालूनही गाडी खड्ड्यात ‘खर्र’ करत राहते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इसुझू इंजिनाच्या कॉन्टेसाची ताकद ८८ अश्वशक्तीच्या आसपास. आजची साधी हॅचबॅकही त्याच्या जवळपास जाते. एवढ्या ताकदीला २२५ किंवा २३५ मिमी रुंदीचा टायर लागत नाही, तो फक्त दिसण्यासाठी असतो. दिसण्यासाठी खर्च करण्यात काही गैर नाही, पण तो कशासाठी केला हे आपल्याला ठाऊक असावं. माझं मत विचाराल तर मागे २०५ पर्यंत जावं आणि पत्र्याला हात लावू नये.

टायरच्या कडेवरचे आकडे

गाडीवर आता कोणता टायर आहे ते त्याच्या कडेवर वाचा. या गाड्या एवढ्या हातांतून गेलेल्या असतात की कंपनीने कोणता टायर दिला होता हे मालकालाही माहीत नसतं. समजा तिथे १८५/७० आर १४ लिहिलंय. म्हणजे टायरची रुंदी १८५ मिमी, कडेची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १४ इंची. हिशेब मांडला तर पूर्ण चाकाची उंची ६१५ मिमी भरते.

नवा टायर कितीही रुंद घ्या, ही उंची तीन टक्क्यांपलीकडे बदलू देऊ नका. चाक उंच झालं की मीटर खोटं बोलतं, गिअर जड पडतात आणि चढाला गाडी मरगळते. कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरवर चढणारी गाडी मग पहिला मागते. १९५/६० आर १५ ची उंची बरोबर ६१५ येते, म्हणजे काहीच फरक नाही. २०५/५५ आर १६ ची ६३२ येते, सुमारे पावणेतीन टक्के जास्त. चालेल. २०५/६५ आर १५ हा पहिल्या इनोव्हाचा टायर कुठल्याही दुकानात मिळतो म्हणून गळ्यात मारला जातो, पण त्याची उंची ६४७ पर्यंत जाते. पाच टक्क्यांहून जास्त. नको.

अडचण इथेच सुरू होते. अमेरिकन गाड्यांसारखा १५ इंची रिमवरचा रुंद आणि बुटका टायर आपल्या बाजारात मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे १५ इंचात रुंद म्हणजे २१५/७५ किंवा २३५/७५, बोलेरो आणि स्कॉर्पिओच्या घराण्यातले. २३५/७५ आर १५ ची उंची ७३३ मिमी. तो कॉन्टेसाच्या मडगार्डात बसणं सोडा, उभा राहणार नाही. परदेशातून मागवावा म्हटलं तर २०२० पासून टायरच्या आयातीवर सरकारी निर्बंध आहेत. ओळखीतून कुणाकडे जुना साठा असतो, पण त्याचा जन्म कधीचा ते बघा. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. पाच-सहा वर्षं गोदामात पडलेला टायर नवा दिसतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं. तो फुकट मिळाला तरी मागच्या चाकाला घालू नका.

म्हणून रुंदीच्या वाटेवर दोनच मुक्काम उरतात. १५ इंचात १९५/६०, किंवा १६ इंचात पुढे १९५/५५ आणि मागे २०५/५५. हे सगळे टायर मारुती, ह्युंदाई, टोयोटा, स्कोडाच्या गाड्यांच्या मापाचे असल्यामुळे साताऱ्यात-सांगलीत सहज मिळतात आणि फुटला तर दुसऱ्या दिवशी बदलता येतो. १५ इंची चाक या गाडीला शोभतं, १६ इंची जरा आजच्या जमान्यातलं वाटतं. पण एकाच इंचाच्या चाकांवर मागे-पुढे वेगळी रुंदी हवी असेल तर १६ शिवाय सोय नाही.

कणकेची गोळी

आता ती बोटभर जागा. टायरवर २०५ लिहिलं म्हणून तो २०५ च भरेल असं नाही. साडेसहा इंची रिमवर चढवलेला २०५/५५ आर १६ प्रत्यक्षात २१४ मिमीच्या आसपास भरतो, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की आणखी पाच मिमी फुगतो. १८५/७० आर १४ भरतो १८९. म्हणजे चाकाची मधली रेषा तिथेच ठेवली तर टायर दोन्ही बाजूंना साडेबारा मिमी वाढला. आतल्या बाजूला शॉकअप, स्प्रिंग आणि आतला पत्रा, बाहेर मडगार्डची वळवलेली कड. साडेबारा मिमी कुठे आहेत आणि कुठे नाहीत, एवढंच शोधायचं.

गॅरेजवाले यासाठी एक स्वस्त युक्ती करतात. कणकेची किंवा मळलेल्या शाडूची सुपारीएवढी गोळी घ्यायची आणि मागच्या चाकाच्या आतल्या पत्र्याला, शॉकअपच्या बाजूला, मडगार्डच्या कडेला आतून अशी तीन-चार ठिकाणी चिकटवायची. मागच्या सीटवर दोन भरदार माणसं बसवायची. डिकीत वजन टाकायचं. सांगलीकडे हळदीचं पोतं किंवा बेदाण्याचे बॉक्स मिळतातच, साताऱ्याकडे सिमेंटची गोणी टाका. मग एक मागचं चाक विटांच्या थप्पीवर चढवायचं, म्हणजे एक्सल तिरपा होतो आणि एका बाजूचा टायर पार मडगार्डात घुसतो. तिथून गाडी हळू उतरवायची आणि गोळ्या काढून सुरीने मधोमध कापायच्या. जिथे गोळी चेपली नाही तिथे जागा भरपूर. जिथे ती पापडासारखी झाली तिथे उरलेली जाडी पट्टीने मोजा, तीच तुमची जागा. नवा टायर बसल्यावर आत निदान १० ते १२ मिमी आणि बाहेर १५ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. सरळ एक्सल वळणावर आडवा थोडा सरकतो, त्यासाठी एवढी जागा हवीच. दोन्ही बाजूंना मोजा. जुन्या गाडीत डाव्या आणि उजव्या बाजूत पाच-सात मिमीचा फरक सर्रास निघतो, अपघातात एकदा दुरुस्त झाली असेल तर जास्तच.

ही मोजणी गॅरेजवाल्याने केली तर तीन-पाचशे रुपये घेईल. सगळ्या कामात हेच पैसे सगळ्यात कारणी लागतात.

मोजून झाल्यावर रिमचा ऑफसेट कळतो. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. तो जेवढा मोठा तेवढं चाक आत जातं. दुकानात टांगलेले अलॉय बहुतेक पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या नव्या गाड्यांसाठी केलेले, त्यांचा ऑफसेट ३५ ते ४५ मिमी. जुन्या, मागून ढकलणाऱ्या गाड्यांचा त्याहून बराच कमी असतो. तो नव्या गाडीचा अलॉय कॉन्टेसावर चढवला की बाहेरून चाक खोल गेलेलं, दरिद्री दिसतं आणि आतून शॉकअपला घासतं. दुकानदार म्हणतो, स्पेसर टाका, झालं! स्पेसरची जोडी दीड ते चार हजारांत मिळते आणि गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. स्पेसरच्या जाडीएवढा स्टड आखूड पडतो. १२ मिमीच्या स्टडवर नट निदान १२ मिमी आत जायला हवा, म्हणजे दीड मिमी पिचच्या आट्यावर आठ पूर्ण फेरे. चार फेऱ्यांत घट्ट झालेला नट खंबाटकीच्या उतारावर काय करील ते सांगायला नको. लांब स्टड ठोकून घ्यायचे तर ड्रम काढावा लागतो, सगळे मिळून दोन-तीन हजार धरा. म्हणून सुरुवातीलाच योग्य ऑफसेटची रिम शोधा, स्पेसर हा शेवटचा उपाय.

चार बोल्टची भानगड

रिम गाडीला बसते की नाही हे ठरवतं पीसीडी, म्हणजे स्टडच्या वर्तुळाचा व्यास. चार स्टडच्या गाडीत समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की झालं. पाच स्टड असतील तर शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर घेऊन १.७ ने गुणा. जुन्या जीपला पाच स्टड असतात, तिचं माप साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी येतं. विलिसच्या वंशातल्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असायचे. नवख्या पोराने तिथे लांब पाइप लावून नट उलटा पिरगाळला आणि स्टड तोडला, अशा गोष्टी प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात.

कॉन्टेसाचं माप कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवून धरू नका, स्वतःच्या हबवर व्हर्नियर लावा. चार इंच म्हणजे १०१.६ मिमी, आणि बाजारातले निम्मे अलॉय १०० मिमीचे. दीड मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, नट जोर लावला की बसतातही, पण प्रत्येक स्टड किंचित वाकलेला राहतो आणि चाक मधोमध बसत नाही. ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. मालक तीनदा बॅलन्सिंग करून घेतो, टायरवाल्याला शिव्या घालतो, दोष मात्र त्या दीड मिमीचा. काही अलॉयवर दोन पीसीडीची आठ भोकं असतात, त्यातलं कोणतं आपलं ते नीट बघा.

मधलं भोकही हबवर घट्ट बसायला हवं. ते मोठं असेल तर अल्युमिनियमची रिंग टाकतात, चार रिंगांचे हजार-दीड हजार. जुने नट नव्या अलॉयवर लावू नका. लोखंडी डिस्कचे आणि अलॉयचे नट वेगळ्या टोकाचे असतात. आटे इंची आहेत की मिमी हेही तपासा. नटांचा नवा संच आठशे ते दोन हजार.

बाजारात योग्य पीसीडीची, योग्य ऑफसेटची रिम मिळालीच नाही तर लोक दोन वाटा शोधतात. एक म्हणजे जुन्या लोखंडी डिस्कची पट्टी कापून, मध्ये नवी पट्टी घालून वेल्ड करून ती रुंद करायची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवरचं असं काम हौशीने करून देणारे आहेत, दर चाकी दीड ते तीन हजार. काम देखणं होतं, पण मी ते रस्त्यावरच्या गाडीला सुचवणार नाही. वेल्डच्या शिवणीतून हवा सुटते म्हणून ट्यूब टाकावी लागते, आणि रिम फिरताना एक मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर टायर कडेने झिजतो. शिवाय आजच्या टायरच्या वेगाला ते वेल्ड किती टिकेल याची हमी कुणी लिहून देत नाही. करायचंच असेल तर डिस्क लेथवर लावून, डायल गेज टेकवून ती किती डुलते ते स्वतः बघा, मग पैसे द्या. दुसरी वाट म्हणजे पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला फिरणं. तिथे जुने, वापरलेले अलॉय मिळतात. तडा गेलेला अलॉय वेल्ड करून, पावडर कोट मारून नवा म्हणून विकला जातो. रिम आतून बघा, रंग आतल्या बाजूला तेवढा नीट दिलेला नसतो. नखाने टकटक करून ऐका, सुदृढ अलॉय घणघणतो, तडा गेलेला ठस्स वाजतो.

आणि कुठेही घेतली तरी टायर चढवण्याआधी नुसती रिम गाडीला लावून फिरवून बघा. नुसती रिम परत होते, टायर चढवलेली होत नाही.

खर्चाचे चार ढंग

हे आकडे ढोबळ आहेत, दुकानात घासाघीस करायला पुरतील असे. टायरचे दर करासह धरले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ ५,००० रुपयांचा टायर आधी ६,४०० ला पडायचा, तो आता ५,९०० ला पडतो. जुन्या छापील किमतीवर सूट दिल्याचं नाटक करणाऱ्याला हे सांगा आणि पक्कं बिल मागा. बिलाशिवाय टायरची हमी नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे फक्त मागची दोन चाकं. १५ इंची लोखंडी डिस्क, दुसऱ्या गाडीची पण मापात बसणारी, अडीच ते चार हजारांना एक. त्यावर १९५/६० आर १५ चे दोन टायर, पाच ते साडेसहा हजारांना एक. व्हॉल्व्ह, चढवणं, बॅलन्सिंग धरून हजार-दीड हजार. सोळा ते साडेबावीस हजारांत काम होतं. डिस्कला काळा रंग मारा, मधोमध जुनी टोपी बसवा, गाडी झकास दिसते. पुढचे टायर जुनेच राहिल्यामुळे स्टिअरिंग जड होत नाही. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीच्या मालकाला याचं महत्त्व कळेल, विशेषतः सांगलीच्या मारुती रोडला सणासुदीला गाडी लावताना. माझी पसंती यालाच.

दुसरा ढंग चारही चाकांना १५ इंची अलॉय आणि १९५/६०. चार अलॉयचा संच सव्वीस ते छत्तीस हजार, चार टायर वीस ते सव्वीस हजार, नट-रिंग-व्हॉल्व्ह-बॅलन्सिंग-अलाइनमेंट मिळून अडीच ते चार हजार. पन्नास ते पासष्ट हजारांत गाडी नीट होते, आणि चारही टायर एका मापाचे असल्याने ते आलटून पालटून वापरता येतात.

तिसरा ढंग पुढे १९५/५५ आणि मागे २०५/५५, १६ इंचावर. अलॉय बत्तीस ते पंचेचाळीस, टायर पंचवीस ते पस्तीस, लांब स्टड आणि बाकी सामान पाच ते नऊ हजार. बासष्ट ते एकोणनव्वद हजार. यात एक छुपा खर्च आहे, तो पुढे सांगतो.

चौथा ढंग मागे २२५. २२५/४५ आर १७ घेतला तर उंची ६३४ येते, म्हणजे हिशेबात जवळपास बसतो, पण मडगार्डची कड आतून वळवून चपटी करावी लागते. डेंटर ती गरम करून रोलरने वळवतो. जुना पत्रा, आत पुटीन भरलेली. रंग तडकतोच. म्हणजे मागचे दोन्ही फेंडर पुन्हा रंगवणं आलं, आणि दोनच फेंडर रंगवले की छटा जुळत नाही. कड वळवणं आणि रंग मिळून पंधरा ते तीस हजार. सगळं धरून सव्वा ते दीड लाखाला तयारी ठेवा. त्या पैशांत इंजिनाचं काम होतं, म्हणून मी हात जोडतो.

कुठल्याही ढंगात दोन ठिकाणी पैसे वाचवू नका. मागचे शॉकअप जुने असतील तर नवी जोडी घाला, चार ते आठ हजार. मेलेल्या शॉकअपवर रुंद टायर बसवला तर वर मोजलेली सगळी जागा खोटी ठरते, कारण मागची बाजू आपटत राहते. आणि मागच्या चाकांचे बेअरिंग-ऑइल सील बघून घ्या. चाक बाहेर सरकलं की बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि तीस-चाळीस वर्षांचं सील गळायला लागलं की तेल ब्रेकमध्ये उतरतं.

वेगवेगळ्या मापांची किंमत

तिसऱ्या ढंगातला तो छुपा खर्च स्टेपनीचा. पुढे-मागे वेगळी मापं असतील तर एक स्टेपनी दोन्हीकडे नीट चालत नाही. मागच्या मापाची पुढे लावून पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं, त्यापलीकडे नाही. टायर मागचे पुढे घेता येत नाहीत, म्हणून मागची जोडी आधी झिजते आणि आधी बदलावी लागते. कडेवरचा भाराचा आकडाही बघा. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५. मूळ टायरपेक्षा कमी भाराचा घेऊ नका, तो बुटका टायर दिसायला कितीही भारी असला तरी.

आणि रस्त्यांचं काय? पावसाळ्यात महामार्गावर सहापदरीकरणाची वळणं, सातारा-कराड-कागल पट्ट्यात बाजूला साचलेलं पाणी. पाणी कापायला अरुंद टायर बरा, रुंद टायर वेगात पाण्यावर तरंगतो, आणि खाच झिजलेली असेल तर लवकर तरंगतो. कायद्याने मोटारीच्या टायरला निदान १.६ मिमी खाच लागते. रुंद टायर मी ३ मिमीलाच बदलीन. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमधून सांडलेलं पाचट आणि शेतातून चाकांनी आणलेला काळा चिखल रस्त्यावर असतो. दंव पडलेल्या पहाटे त्यावर रुंद मागचा आणि अरुंद पुढचा टायर घेऊन वळण घेतलं तर पुढची बाजू सरळ जायला बघते. ४५ किंवा ५५ टक्क्यांच्या बुटक्या टायरला खड्डा बसला की रिमच वाकते. वाकलेला अलॉय सरळ करायला दीड ते तीन हजार, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला परवानगीशिवाय करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ९ जानेवारी २०१९ रोजी हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं, त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. टायर जरा रुंद केला म्हणून रस्त्यावर कुणी रोज अडवत नाही, हे खरं. पण टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल किंवा मडगार्ड कापलेलं असेल तर ते नजरेत भरतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस पहिला फोटो त्याचाच काढतो. म्हणून काम करायच्या आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर फायलीत ठेवा. दीड लिटरवरच्या खासगी मोटारीचा तिऱ्हाइताचा विमा जून २०२२ मध्ये ७,८९७ रुपये ठरला, त्यावर कर. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा जुन्या गाडीला मिळणं आधीच कठीण, त्यात न सांगता केलेला बदल हे नाकारायचं आयतं कारण होतं.

शेवटची कॉन्टेसा २००२ ची, म्हणजे सगळ्यांचीच वीस वर्षं उलटली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी १०,००० रुपये. पर्यावरण कर वेगळा. साताऱ्याची एमएच ११ असो, कराडची ५० किंवा सांगलीची १०, पासिंगला गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते. काही जण ‘व्हिंटेज म्हणून नोंदवू’ म्हणतात. त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची हवी आणि मुळाबरहुकूम हवी, म्हणजे कॉन्टेसाला अजून वेळ आहे, आणि रुंद चाकं लावली तर तो दरवाजा आपणच लावून घेतो.

बसवल्यानंतर

नट हाताने लावून मग आडवे-तिडवे क्रमाने आवळायचे, हवेच्या गनने एकदम नाही. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तो घ्या, १२ मिमीच्या स्टडला साधारण १०० न्यूटन-मीटर. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, अलॉय नवा असताना नट हमखास थोडे ढिले पडतात. साताऱ्याहून निघालात तर कराडला चहाला थांबून, सांगलीहून निघालात तर पेठ नाक्याच्या पुढे. पान्हा डिकीत असू द्या. त्याच मुक्कामाला आतल्या बाजूने टायरवर बोट फिरवा. चकचकीत घासलेली रेघ लागली तर टायर कुठेतरी टेकतोय, ती जागा शोधल्याशिवाय पुढे वेगात जाऊ नका. मागचे टायर रुंद केलेत म्हणून हवा कमी ठेवायची नाही, मूळ आकड्यापासून सुरू करा आणि टायरच्या मधोमध की कडेला जास्त झीज होते ते बघून दोन पौंड इकडे-तिकडे करा.

जुनी चाकं भंगारवाला पाचशेला एक मागेल. देऊ नका. टायर उतरवून, डिस्कला ग्रीस फासून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाका. पुढच्या पासिंगला निरीक्षकाने नको म्हटलं, किंवा गाडी विकताना एखादं गिऱ्हाईक मूळ चाकं मागायला लागलं, तर तीच चार चाकं त्या दिवशी उपयोगी पडतात आणि शोधायला गेलात तर मिळत नाहीत.